कपाटातली संकेश्वरी : श्रावण सरतानाची नोंद

मंडळी, मागची नोंद मिरचीची रोपं मोठ्या कुंड्यांत बसवली तिथं थांबली होती. आता फळं धरलीत, म्हणून या खेपेला जरा सविस्तर लिहितो.

नवीन आलेल्यांसाठी मांडणी थोडक्यात. बेळगावच्या टिळकवाडीतलं जुनं घर, जाड भिंती, आणि भिंतीतच लाकडी दारांचं एक कपाट. आत तीन फूट बाय दोन फूट जागा, उंची साडेपाच फूट. मधल्या फळ्या काढल्या आणि आतून साधा पांढरा, बिनचकाकीचा डिस्टेंपर मारला. चंदेरी कागद लावायचा सल्ला बरेच जण देतात, पण पांढरा रंग स्वच्छ असला तर उजेड परत फेकण्यात फारसा मागं पडत नाही. शिवाय आमच्या दमट हवेत त्या कागदामागं बुरशी धरते, ती वेगळीच. वर 100 वॉटचा पांढरा एलईडी बोर्ड, 3500 केल्विनचा, त्यात 660 नॅनोमीटरचे थोडे लाल दिवे. ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा डबा, कपाटाबाहेर माळ्यावर ठेवलाय. खाली एक आणि वर एक, संगणकातले 12 व्होल्टचे पंखे. झाडं चार : दोन संकेश्वरी, एक ब्याडगी डब्बी, एक लवंगी.

कपाट, एलईडी, पंखे म्हटलं की लोक एकच अर्थ काढतात, गांजा. आमच्या मावसभावानं दार उघडल्या उघडल्या आधी वास घेतला आणि मग म्हणाला, "अरे, ही तर खरंच मिरची हाय की!" तेव्हा आधीच सांगून टाकतो. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाचं झाड लावणं हाच गुन्हा आहे, कलम 20 खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आपल्याला ते झेपणारं नाही, आणि चटणीत घालायला त्याचा उपयोगही नाही.

पण उपकार मानायचे तर गांजा लावणाऱ्यांचेच मानावे लागतात. कपाटात झाड वाढवायची विद्या त्यांनी लपूनछपून घडवली. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून घरटी चार झाडांना परवानगी मिळाली, तेव्हापासून तिकडचे लोक उघड बोलायला लागले. आज आतल्या बागेबद्दल काहीही शोधा, दहातले आठ सल्ले त्यांच्याच अनुभवातून आलेले असतात. मिरचीवाल्यांनी मात्र ते जसेच्या तसे उचलू नयेत. या हंगामात माझा बराचसा वेळ, त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे निवडण्यातच गेला.

सगळ्यात पहिलं टाकायचं ते बारा तासांचं वेळापत्रक. गांजा हे लहान दिवसाचं झाड. रात्र लांबली की त्याला फुलोरा येतो, म्हणून ते लोक आधी अठरा तास उजेड देतात आणि मग बारावर आणतात. त्या बारा तासांच्या अंधारात फटीतून उजेड शिरला तरी त्यांचा जीव खालीवर होतो. मिरचीला दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नाही. वय झालं, फांदी फुटली की ती कळी काढते. तिला हवा असतो तो दिवसभरात मिळालेला एकूण उजेड. त्यामुळं बी उगवल्यापासून तोडणीपर्यंत सोळा तास एकच घड्याळ लावून ठेवायचं. पावसात लाईट गेली, तासाभरानं आली, तरी काही बिघडत नाही.

एकूण उजेडाचा हिशेब सोपा आहे. दर चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल उजेड पडतो तो आकडा घ्यायचा, त्याला सेकंदांनी गुणायचं आणि दहा लाखांनी भागायचं. माझ्या कपाटात शेंड्यावर 350 च्या आसपास मिळतात. 350 गुणिले 16 तासांचे 57,600 सेकंद, भागिले दहा लाख, म्हणजे दिवसाला साधारण 20 मोल. मिरचीला फळं धरायला एवढं पुरतं. खास मीटर महाग असतो, म्हणून मी मोबाईलवरच लक्स (डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचं माप) मोजतो आणि मायक्रोमोल काढायला पांढऱ्या एलईडीसाठी त्याला 70 नं भागतो. उन्हासाठी 54 नं भागायचं. अंदाजच आहे तो, पण दिवा वर घ्यायचा की खाली एवढं कळायला बास. आषाढात आमच्या पुढच्या खिडकीत भर दुपारी अडीच हजार लक्सच्या पुढं आकडा गेला नाही, म्हणजे पन्नास मायक्रोमोलसुद्धा नाहीत. खिडकीत ठेवलेली मिरची पावसाळ्यात नुसती लांबट का होते, ते यावरून समजतं.

विजेचं बरेच जण विचारतात. 100 वॉट, सोळा तास म्हणजे दिवसाला 1.6 युनिट, महिन्याला 48. पंखे धरून पन्नासेक. आमच्याकडं गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना, असल्यानं लोकांना वाटतं की दोनशे युनिटांपर्यंत काहीही करा, फुकटच. तसं नाही. 2022-23 च्या आपल्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढवून जेवढी होतील तेवढीच माफ असतात. त्यावरची भरावी लागतात, आणि दोनशे ओलांडली तर पूर्ण बिल येतं. दीडशे-पावणेदोनशेच्या घरात वापर असलेल्यांनी बोर्ड घेण्याआधी जुनी बिलं काढून बघा.

आता खरं दुखणं. उजेड विकत मिळतो, बेळगावच्या पावसाळ्यातली हवा बदलून मिळत नाही. जुलैत रात्री हवेतला ओलावा नव्वद टक्क्यांच्या खाली येतच नव्हता. पुस्तकात पन्नास-साठ टक्के ठेवा म्हणून लिहिलेलं असतं, लिहिणाऱ्यानं एकदा इकडं जांबोटीच्या पावसात येऊन राहावं. ओलावा काढणारं यंत्र घ्यायचं तर बोर्डापेक्षा तेच महाग पडतं. मी दिव्याची वेळ फिरवली. संध्याकाळी सहाला दिवा सुरू, सकाळी दहाला बंद. बाहेर 22 अंश आणि नव्वद टक्के असली, तर तीच हवा 26 अंशांवर गेली की सत्तरच्या आसपास येते, कारण गरम हवेत बाष्प मावायला जास्त जागा असते. म्हणजे सगळ्यात थंड आणि ओल्या वेळी दिव्याची ऊब फुकटात कामाला येते. झाडंही बाष्प सोडतात, त्यामुळं वरचा पंखा चोवीस तास चालूच ठेवायचा. मुळांशी हवा खेळली पाहिजे म्हणून कोकोपीट आणि गांडूळखतात भाताचं तूस मिसळलंय. पाणी कुंडी उचलून बघायचं, हलकी लागली तरच द्यायचं. त्या ओल्या आठवड्यांत पाण्याचा कॅन हातात घ्यायची वेळ फारच थोडी आली.

इतकं करूनही डब्बीच्या खालच्या पानांवर, मागच्या बाजूनं पांढरट खरखरीत दाणे आले. पहिल्यांदा बघणाऱ्याला कोळी कीड किंवा बुरशी वाटेल आणि तो औषधाची बाटली शोधायला जाईल. तो रोग नव्हे. मुळं पाणी घेत राहतात, दमट हवेत ते पानातून बाहेर पडत नाही, आणि पेशी फुगून फुटतात. एलईडीत अतिनील किरण नसतात, त्यामुळं मिरची-टोमॅटोत हे जास्त दिसतं. पाणी कमी केलं, पंखा पानांकडं वळवला, नवीन पानं स्वच्छ आली. जुनी तशीच राहतील, ती खुडायची गरज नाही.

फुलकिडे मात्र खरे होते. एका संकेश्वरीचा शेंडा वरच्या अंगाला द्रोणासारखा वळायला लागला. पान वर वळलं तर फुलकिडे, खाली वळून लांब देठाचं झालं तर कोळी, हे आमच्या हुक्केरीच्या मामांचं शेतातलं ठोकताळं. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला तर बारीक पिवळसर रेघा पळताना दिसल्या. मामा म्हणाले, "शेतात जोराचा पाऊस झाला की धुऊन जातंय ते. तुझ्या कपाटात पाऊस कुठला पडणार?" बरोबरच आहे. बाहेर श्रावण असला तरी आत त्यांचा उन्हाळाच चाललेला असतो. मग तो पाऊस आपणच पाडायचा. मोरीत नेऊन झाडाला पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारला, संध्याकाळी नीमतेल, लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून. आठवड्याच्या अंतरानं पुन्हा. निळा चिकट सापळा टांगलाय, पांढऱ्या माशीसाठी पिवळाही. फवारल्यावर दिवा लगेच लावू नका, तेलानं पान भाजतं.

गांजावाल्यांकडून जे उचलावं ते म्हणजे छाटणी आणि फांद्या वाकवणं. संकेश्वरी ही मुळात शेतातली उंच, सडसडीत जात. कपाटात तिला मोकळं सोडलं तर ती दिव्याला जाऊन टेकते. सहा-सात पानांवर असताना शेंडा खुडला, नंतर फुटलेल्या फांद्या सुतळीनं कुंडीच्या काठाला ओढून बांधल्या. आता चारी झाडांचे शेंडे जवळजवळ एका पातळीत आहेत आणि उजेड सगळ्यांना सारखा मिळतो. लवंगीला हे काही करावं लागलं नाही, ती आपोआप झुडूप झाली. कपाटात पहिल्यांदा लावणाऱ्यानं लवंगीच लावावी, असं माझं स्पष्ट मत.

परागाच्या बाबतीत आपला मार्ग अगदी उलटा. ते लोक नर झाडं दिसली की उपटून टाकतात, बी धरू नये म्हणून. आपल्याला तर बी धरल्याशिवाय मिरचीच नीट भरत नाही. मिरचीच्या एकाच फुलात दोन्ही असतात, फक्त हलवायला वारा लागतो. रोज सकाळी दिवा बंद व्हायच्या आधी फांदीला टिचक्या मारतो. ओलाव्यानं पराग चिकटून बसतो म्हणून ही वेळ, रात्रभराच्या उबेनं तो सुटा झालेला असतो. तरी पहिला बहर बराचसा गळाला, त्याचं फार मनावर घेऊ नये.

खताचं साधंच ठेवलंय. फुलं येईपर्यंत 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाशचं प्रमाण), लिटरला एक ग्रॅम. आता 13:00:45 आणि कॅल्शियम नायट्रेट आलटून पालटून. कॅल्शियम नायट्रेट स्फुरदाच्या खताबरोबर एका बादलीत घालू नका, तळाला पांढरा चोथा बसतो आणि दोन्ही वाया जातात. नुसत्या कोकोपीटवर वाढवणाऱ्यांना कॅल्शियम जास्तच लागतं, नाहीतर फळाच्या टोकाला काळा डाग पडतो.

सध्याची अवस्था अशी : लवंगी लालभडक आणि भरपूर, आईनं दोनदा ठेच्याला नेली. संकेश्वरीला बोटभर हिरव्या मिरच्या आहेत. तिखटपणा आत्ताच जाणवतो, पण खरी परीक्षा वाळल्यावर. गडहिंग्लजच्या बाजारात जी जवारी मिरची येते तिचं साल जसं पातळ असतं, तसं कपाटात येतंय का ते बघायचंय. डब्बीनं सगळ्यात उशीर केला. ब्याडगीची ओळखच रंगासाठी, त्यावरच 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो रंग एलईडीखाली कितपत उतरतो याची मला उत्सुकता आहे. बी बाजारातल्या वाळक्या मिरचीतलंच असल्यानं जात शुद्ध असेलच असं नाही. फळ आखूड आणि फुगीर दिसतंय, ब्याडगीच्याच कड्डी जातीसारखं लांब नाही, एवढं समाधान.

गणपतीत कपाटासमोरच मखर बसतं, तेवढे दिवस दार फक्त रात्रीच उघडेल. पाऊस ओसरला की दोन्ही संकेश्वरी गच्चीवर न्यायच्या. आधी सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन, मग पूर्ण. कपाटातलं पान थेट उन्हात नेलं तर पांढरं पडून करपतं. डब्बी आणि लवंगी आतच राहतील. निपाणी-चिक्कोडीकडं कुणी डब्बी दिव्याखाली पिकवून वाळवली असेल तर एक सांगा : झाडावरच सुकू देता, की लाल झाल्या झाल्या तोडून सावलीत वाळवता? माझी पहिली फळं रंगावर यायला लागलीत, त्याआधी ठरवायचंय.