अमळनेरच्या अकरा फ्लॉप्या

शनिवारी इथे श्टुटगार्टजवळच्या आमच्या गावात, सत्तरी ओलांडलेले एक आजोबा माझ्या फ्लॉपी ड्राइव्हवर सव्वादोन तास मान मोडून बसले. ओळख ना पाळख, पैसे तर नाहीतच. घरी येऊन आधी अमळनेरला फोन लावला, आता लिहायला बसलोय.

2001 च्या उन्हाळ्यात आप्पांनी मला आजीसमोर बसवून तिची आखाजीची (म्हणजे अक्षय्य तृतीयेची) आणि आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी वहीत उतरवून घ्यायला लावली होती. मग ती मी क्लासच्या कॉम्प्युटरवर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून फ्लॉप्यांवर, म्हणजे तेव्हाच्या चौकोनी डिस्कांवर ठेवली. वहीला पुढे वाळवी लागली. आजी गेली ती 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. विमानं बंद होती, मला येता आलं नाही. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आईला माळ्यावर त्या फ्लॉप्यांचा डबा सापडला, तेव्हापासून मला चैन नव्हतं. इथल्या जुन्या बाजारात यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला, तो आखाजीला घरी घेऊन गेलो.

घरच्या कॉम्प्युटरला पुढच्या बाजूने जोडला. दिवा लागला, घर्र झालं, बंद. हे ड्राइव्ह 500 मिलिअँपिअरपर्यंत करंट ओढतात. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टच्या जुनाट वायरींना ते झेपत नव्हतं. मागे, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावल्यावर ‘ए’ ड्राइव्ह दिसायला लागला. पहिली फ्लॉपी घातली तर नुसतं कर्र-कर्र, आणि पडद्यावर प्रश्न: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का? माऊस आप्पांच्या हातात होता. मी ओरडलोच. तिथे ‘हो’ म्हटलं असतं तर होतं नव्हतं ते गेलं असतं. तुमच्याकडे जुन्या फ्लॉप्या असतील तर आधी कोपऱ्यातली बारीक खिटी सरकवून भोक उघडं करा. मग त्या डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, पुसलंही जात नाही. आम्ही ते त्यानंतर केलं.

दुसरी चूक त्याहून मोठी. एक वाचत नाही म्हणून दुसरी, मग तिसरी, असं करत अकराही घालून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी भुसावळकडे जाणारी गाडी पकडून जळगावला गोलाणी मार्केट गाठलं. दोन दुकानांत नाही म्हणाले. तिसऱ्याने ड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला आणि सरळ सांगितलं, ‘भाऊ, हे घेऊन बसलो तर माझी चार गिऱ्हाईकं जातील.’ हे मी इथल्या एका सहकाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, तुमच्याकडे दुरुस्तीची हौस राहिली नाही. मला ते लागलं. मोबाइलच्या बोर्डावरचा तांदळाएवढा पार्ट पाच मिनिटांत बदलणारी पोरं गोलाणीत आहेत, तशी मी इथे पाहिली नाहीत. त्यांना गाळ्याचं भाडं असतं, घरी खाणारी तोंडं असतात. पेन्शन मिळत असताना शनिवार फुकट देणं वेगळं. आणि ज्या फ्लॉप्या विकणं 2011 ला सोनीनेच थांबवलं, त्यांच्यासाठी जळगावच्या माणसाने दुकान का अडवून ठेवावं?

पण ज्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. ही रिपेअर कॅफेची, म्हणजे एकत्र जमून लोकांच्या बिघडलेल्या वस्तू फुकट दुरुस्त करायची पद्धत 2009 ला ॲमस्टरडॅमला सुरू झाली. आमच्या इथे महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये टेबलं मांडतात. आधी एका कागदावर सही, वस्तू आणखी बिघडली तर आमची जबाबदारी नाही म्हणून. नंबर येईपर्यंत कॉफी आणि घरी केलेला केक. आजोबांनी माझा डबा उघडला आणि ड्राइव्हला हातही न लावता एकेका फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून, मधली चकती बोटाने फिरवत, दिव्याखाली धरायला सुरुवात केली. सातव्या फ्लॉपीवर थांबले. आतल्या तपकिरी डिस्कवर पांढरे ठिपके होते. बुरशी! या एकीने ड्राइव्हचं हेड, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, माखलं होतं, आणि पुढच्या सगळ्या फ्लॉप्यांवर मी तेच घासत गेलो होतो. फ्लॉपी मिनिटाला 300 फेरे फिरते आणि हेड तिला टेकूनच असतं.

मग चार स्क्रू काढले. आतली चपटी रिबन केबल सैल होती, ती काढून परत बसवली. हेड पुढेमागे नेणाऱ्या बारीक आट्यांच्या स्क्रूवरचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. हेड पहिल्या ट्रॅकपर्यंत पोचतच नव्हतं, ती कर्र-कर्र त्याचीच. ते खरवडून काढलं आणि टाचणीच्या टोकावर मावेल एवढं नवं ग्रीस लावलं. दोन्ही हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. वरचं हेड उचलताना त्यांनी श्वास रोखला होता. त्याची पट्टी वाकली की ड्राइव्ह संपला. त्यानंतरही माझ्या फ्लॉपीला हात नाही. स्वतःच्या घरून आणलेली जुनी फ्लॉपी आधी घातली. ती वाचली गेल्यावर मला म्हणाले, आता तुमच्या आजी.

प्रत्येक फ्लॉपीची आधी सबंध प्रत काढली, फाइली नंतर. एका फ्लॉपीत मावतं 1.44 एमबी, आज एक फोटोही त्यात बसत नाही. नऊ पूर्ण निघाल्या, एक अर्धी. बुरशीची त्यांनी वेगळ्या पिशवीत घालून दिली. तिला घाई करायची नाही म्हणाले. मी दानपेटीत वीस युरो टाकले, ते बघतही नव्हते.

घरी फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. श्रीलिपीच्या जुन्या फाँटचं ते होणारच होतं. युनिकोडमध्ये बदलून पहिलं गाणं आप्पांना पाठवलं. फोनवर आईने विचारलं, ‘सापडनं का रे भाऊ?’ आप्पा मात्र गप्प. मग म्हणाले, यात ‘डोळा’ लिहिलंय.

आजी तिच्या अहिराणीत ‘डोया’ म्हणायची. काळ्याला ‘काया’ म्हणायची. चौदा वर्षांच्या मला ते अशुद्ध वाटलं होतं आणि टाइप करताना मी एकेक ‘य’ खोडून ‘ळ’ केला होता, सगळ्या गाण्यांत.

आता रोज रात्री तिथले साडेदहा, इथले सात. आप्पा एकेक ओळ म्हणून दाखवतात आणि मी दुरुस्त करतो. काल तिसरं गाणं संपलं.