जाड तळव्यांना वज्री चालते, ब्लेड नाही

ओपीडीच्या कागदावर ‘पाल्मोप्लांटर केराटोडर्मा’ हे नाव दिसेपर्यंत बहुतेकांना घट्टे, कुरूप, अंगातली उष्णता अशी सगळी निदानं ऐकवून झालेली असतात. कुरूप बूट घासतो तिथे, एखाददुसऱ्या जागी होतं. इथे दोन्ही तळहात, दोन्ही तळपाय पिवळट आणि जाड, बहुतेक वेळा लहानपणापासूनच. कित्येकदा थर संपतो तिथे लालसर काठ. आजोबा, वडील, मुलगी अशी रांग असेल तर आनुवंशिक प्रकार जवळपास नक्की. त्यात केराटिन-९ च्या जनुकातला दोष नेहमीचा. लागण होत नाही, लोकलची कडी खुशाल धरा.

जाडी जात नाही, आटोक्यात राहते. आंघोळीनंतर किंवा कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं पाय बुडवून, थर मऊ झाला की वज्री हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवायची. गुलाबी दिसायच्या आधी थांबा. टिपून घ्या आणि कातडी जरा ओलसर असतानाच १० ते २० टक्के युरियाचं मलम लावा. टाचेसारख्या दगडी जागी डॉक्टर ४० टक्के युरिया किंवा ६ टक्के सॅलिसिलिक ॲसिड देतात. वर सुती मोजे घालून रात्रभर ठेवायचं. सॅलिसिलिक मोठ्या भागावर लावलं तर अंगात शोषलं जातं, म्हणून लहान मुलांना मनाने नको. उघड्या भेगेवर दोन्ही झोंबतात. भेग भरेपर्यंत तिथे नुसतं व्हॅसलीन किंवा कोकणातलं कोकमतेल. ब्लेडने एकदा खोल गेलं की चिरा पडतात, पू होतो आणि चार दिवस पाय टेकवत नाही.

मुंबईत खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. भिजलेला थर फुगून पांढरा पडतो, वास मारतो आणि बुरशीला आयतं घर मिळतं. अचानक खाज वाढली, सालपटं निघू लागली तर मलम बदलत बसू नका. सालपटं खरवडून केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणं) करून घ्या. बुरशी असताना नुसता युरिया चोळणं फुकट. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या गुडघाभर पाण्यातून भेगाळलेल्या पायांनी गेलात तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग) धोका असतो: घरी साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा. डॉक्सिसायक्लिन द्यायची की नाही, ते ठरवतील. मोज्यांचा कोरडा जोड मात्र बॅगेत हवाच.

ॲसिट्रेटिनच्या गोळ्या परिणाम करतात, पण रक्तातली चरबी आणि यकृत तपासत राहावं लागतं. गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भधारणा टाळायची असते, त्यामुळे तरुण मुलींना सहसा देत नाहीत. फोड येणाऱ्या प्रकारात जास्त डोसने तळवे सोलून निघतात.

मुलाचे दात लवकर हलू लागले, ऐकू कमी येतं किंवा केस लोकरीसारखे आहेत, तर त्वचेच्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. शेवटच्या लक्षणात हृदयाचा ईसीजी आणि इको लागतो.

आणि हो, रेशन दुकानात अंगठा उठत नसेल तर बुबुळाची किंवा ओटीपीची सोय मागा.