सिनेमा पॉज करून करून शिकतेय : आरसा, सूप आणि चादर

संक्रांतीपासून एक नियम लावून घेतलाय, आठवड्यातून एकदा एखाद्या सिनेमातला एकच सीन घ्यायचा, आवाज बंद करायचा आणि पॉज करत करत फक्त बघायचं की उजेड येतोय कुठून. रंग बघायचे नाहीत. आधी मी नेमकं उलटं करत होते, फ्रेम आवडली की तिचे रंग लाइटरूममध्ये, म्हणजे फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आपल्या फोटोवर चढवायचे. वर्षभर तेच केलं आणि मग कळलं की फोटो सिनेमासारखा पिवळा-निळा होतो खरा पण त्यात जीव येत नाही, कारण मुळात उजेडच सपाट.

सगळ्यात जास्त वेळ गेला 'कागज के फूल'वर. 1959 चा, गुरुदत्तचा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप म्हणजे रुंद पडद्याचा सिनेमा, कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा. 'वक्त ने किया' गाण्यात रिकाम्या स्टुडिओत वरून तिरका उतरणारा तो झोत आपल्यापैकी सगळ्यांनी बघितलाय. मूर्तींनी तो दिव्यांनी नाही केला, मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन आत घेतलं. हे वाचून माहीत होतं पण एवढा खटाटोप का ते डोक्यात शिरत नव्हतं, म्हणून टॉर्च आणि ऊन दोन्ही भिंतीवर पाडून बघितलं. टॉर्चचा उजेड फाकत जातो आणि थोडं लांब गेलं की उतरतो. सूर्य इतका लांब की त्याचे किरण जवळजवळ समांतरच येतात, त्यामुळे कवडशाच्या कडा सरळ राहतात आणि वरपासून खालपर्यंत जोर जवळपास तेवढाच. त्या गाण्यातला झोत खरा वाटतो कारण तो खरंच उन्हाचा आहे!

मग वाईला आत्याकडे गेले. जुनं घर, माजघरात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. कपाटाचा सुटलेला आरसा अंगणात खुर्चीवर टेकवला, आतेभावाला धरायला बसवलं आणि ऊन खिडकीतून आत आत्यावर पाडलं, ती तांदूळ निवडत होती. पहिले वीसेक फोटो जळले. खोली काळोखी म्हणून कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, वाढवत होतं आणि जिथे ऊन तिथे नुसता पांढरा डाग. स्पॉट मीटरिंग करून फक्त उजेडाच्या जागेवर मोजलं, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) 200, एफ (लेन्सचं तोंड किती उघडं, आकडा लहान तितका उजेड जास्त) 8 आणि शटर 1/500 सेकंदाच्या आसपास, तेव्हा खोली छान काळी झाली. झोत मात्र हवेत दिसेना. धुपाटण्यात धूप टाकला, दारं लावली, पाच मिनिटं थांबलो, मग दिसला. आणि हो, आरसा एकदा लावून विसरता येत नाही, सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो म्हणजे चार मीटरवर कवडसा साधारण सात सेंटीमीटर हलतो, कपाळावरचा उजेड बघता बघता कानावर.

एवढं होऊनही चेहरा कडकच येत होता, नाकाची सावली ओठांवर. शेवटी आत्या वैतागून म्हणाली, "माझ्या डोळ्यात काय घालतेस गं ऊन, सुपात पाड, निदान खडे तरी दिसतील." पाडलं सुपात. आणि काय सांगू, त्या पांढऱ्या तांदळावरून उजेड उलटा वर गेला आणि तिचा अख्खा चेहरा मऊ उजळला, सुरकुत्या दिसतायत पण बोचत नाहीत. या दोन महिन्यांतला माझा सगळ्यात आवडता फोटो हाच.

घरी येताना बसमध्ये लक्षात आलं की हे तर सत्यजित रायांचे कॅमेरामन सुब्रत मित्रांचं. रायांचा 'अपराजितो', 1956. बनारसच्या घराचं अंगण सेटवर बांधलेलं होतं, वरून मोकळ्या आकाशाचा उजेड हवा होता, तर त्यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे थेट माणसांवर न टाकता त्या कापडावर टाकले. मी तो सीन आधी दोनदा बघितला होता आणि दोन्ही वेळा ते खरंच अंगण समजले होते. पुढच्या रविवारी तेच केलं, माजघराच्या तुळयांना पांढरी चादर बांधली आणि आरशाचं ऊन तिच्यावर मारलं. उजेड खूप कमी होतो, आयएसओ 1600 पर्यंत जावं लागलं, पण सावली कुठे सुरू होते तेच कळत नाही इतकी हळू उतरते.

मधल्या एका रात्री 'बॅरी लिंडन'च्या मेणबत्त्यांचा प्रयोगही केला, थोडक्यात सांगते. 1975 चा स्टॅनली क्युब्रिकचा सिनेमा, त्यात मेणबत्त्यांच्या उजेडातले सीन, त्यासाठी नासासाठी बनवलेली झाइसची 50 एमएम एफ 0.7 लेन्स, 100 आयएसओची फिल्म पुश करून, म्हणजे धुताना जास्त वेळ ठेवून, 200. माझी लेन्स एफ 1.8, म्हणजे पावणेतीन स्टॉप मागे (एका स्टॉपला उजेड निम्मा किंवा दुप्पट), पण आयएसओ 1600 लावला की 200 पेक्षा तीन स्टॉप पुढे, म्हणजे हिशोबाने मी बरोबरीला आहे. फक्त त्यांच्याकडे मेणबत्त्यांचे झुपके आणि माझ्याकडे एक समई, त्यामुळे 3200 गाठायला लागलं आणि फोकस पापणीवर ठेवायला फार जपावं लागलं.

आता दोन आरसे करायचेत. एक अंगणात आणि दुसरा माळ्यावर, म्हणजे झोत खिडकीच्या उंचीवरून आडवा न येता मूर्तींसारखा वरून तिरका उतरेल. दुसरा आरसा हलू नये म्हणून कशावर बांधताय ते कोणी करून बघितलं असेल तर नक्की सांगा, माळ्याच्या फळ्या पाय टाकला की हलतात.