काळजीलाही वेळ ठरवून द्या

इंग्लंडमधली एक गोष्ट सोलापुरात यायलाच हवी. काळजीनं झोप उडाली तर 'एनएचएस टॉकिंग थेरपीज'कडे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या बोलून उपचार करणाऱ्या विभागाकडे, माणूस स्वतः नाव नोंदवतो. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, पैसे पडत नाहीत. नंबर लागायला आठवडे जातात, हेही खरं.

आधी सात प्रश्नांचा कागद भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ होता, काळजी थांबवता येत होती का, चिडचिड किती झाली? प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. बेरीज १० किंवा जास्त आली की नीट तपासतात. आपल्याकडे बीपी-शुगर नेमानं मोजणाऱ्या घरातसुद्धा हे कुणी विचारत नाही, याचा राग येतो.

मग शिकवतात ती काळजीची वेळ. दिवसभरात मनात येईल ती काळजी एका ओळीत वहीत उतरवायची आणि हातातल्या कामाला लागायचं. संध्याकाळी ठरलेल्या वेळी १५ ते ३० मिनिटं ती वही घेऊन बसायचं. अंथरुणावर अजिबात नाही, नाहीतर पाठ टेकली की काळजी सुरू, अशी सवयच लागते. बऱ्याच ओळी तोवर विरलेल्या असतात. उरलेल्यांना एकच प्रश्न: यात मला काही करता येईल का? येत असेल तर काय, कधी, कसं ते लिहायचं. 'आईचं पाण्याचं कसं होणार' एवढ्यानं भागत नाही. 'रविवारी सकाळी फोन करून टाकी पुरते का विचारायचं, पुरत नसेल तर दुसरी बसवायची' असं हवं. 'आईला काही झालं तर?' याला आज उत्तर नाही. ती ओळ उद्याच्या पानावर.

फसतं कुठं? लोक विचार दाबायला जातात आणि तो दुप्पट उसळतो. तो फक्त पुढं ढकलायचा असतो. दुसरं म्हणजे सारखी खात्री करून घेणं. 'बरी आहेस ना?' विचारलं की घटकाभर बरं वाटतं, मग परत हुरहुर. परदेशातल्या मुलांनी फोनची वेळच बांधून घ्यावी. हिवाळ्यात इंग्लंडमध्ये दुपारचे साडेतीन म्हणजे सोलापुरात रात्रीचे नऊ. त्यानंतर टाकलेल्या मेसेजला उत्तर येत नाही, कारण आई झोपलेली असते. आणि दोन दिवसांत गुण येत नाही, दोन आठवडे तरी नेटानं करावं लागतं.

'आम्हाला कट्टा आहे, वही कशाला?' असं सोलापूरकर म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. 'काय बे, तोंड का पाडलायस?' असं विचारणारा माणूस इंग्लंडमध्ये पैसे मोजूनही मिळत नाही. पण कट्ट्यावर कर्ज आणि घरातलं दुखणं निघत नाही, निघालं तर गल्लीभर होतं. आणि 'टेन्शन घेऊ नको' म्हटल्यानं कुणाचं टेन्शन गेलेलं नाही.

आपल्याकडे २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा आहे: १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं असेल तर थायरॉईडही तपासून घ्या. जगणं नको वाटायला लागलं, तर संध्याकाळची वाट पाहू नका. तेव्हाच नंबर फिरवा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बसवून घ्या.