डिव्हायझेस: स्टोनहेंजच्या शेजारचं सोनं

स्टोनहेंज बघून आलेल्या आपल्या बहुतेक मंडळींनी इंग्लंडमधल्या विल्टशर जिल्ह्यातल्या डिव्हायझेस या गावाचं नाव ऐकलेलं नसतं. मीही दोनदा स्टोनहेंजला जाऊन आले, पण तिथल्या टेकाडांतलं, म्हणजे प्राचीन थडग्यांवरच्या मातीच्या ढिगांतलं, सोनं कुठे ठेवलंय हे विचारलं नव्हतं. यंदा आई पुण्याहून आली, तेव्हा मुद्दाम तिला घेऊन गेले.

लंडनच्या पॅडिंग्टनहून स्विंडन रेल्वेने साधारण तासावर. डिव्हायझेसचं स्टेशन १९६६ मध्येच बंद झालं, म्हणून पुढे ४९ नंबरची बस. ती वाटेत एव्हबरीला थांबते, आणि तिथेच आमचं वेळेचं गणित चुकलं. निम्मं गाव पोटात घेतलेलं ते दगडांचं वर्तुळ बघता बघता दुपार टळली, संग्रहालयाला जेमतेम सव्वा तास मिळाला. तुम्ही उलटं करा: आधी डिव्हायझेस, येताना एव्हबरी. दगड उघड्यावरच आहेत.

लाँग स्ट्रीटवरचं विल्टशर म्युझियम एका जिल्हा संस्थेचं आहे. १८५३ साली तिथल्या अभ्यासकांनी पुरातत्त्व आणि निसर्ग-इतिहासासाठी ती काढली. नियतकालिक १८५४ पासून निघतंय. १८८३ मध्ये संस्थेने स्टाउरहेड या जिल्ह्यातल्याच वाड्यातला संग्रह विकत घेतला, म्हणून टेकाडांतल्या वस्तू जिल्ह्यातच राहिल्या. आईचं लहानपण सदाशिव पेठेतलं. ती म्हणाली, "अगं, हे आपल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारखंच की!" खरंच तीच जात आहे.

हा संग्रह विल्यम कनिंग्टन या लोकर व्यापाऱ्याने, स्टाउरहेडचे मालक सर रिचर्ड कोल्ट होअर यांच्या पैशांवर, टेकाडं खणून जमवलेला. कनिंग्टनचं डोकं सतत दुखायचं. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत फिरायला सांगितलं आणि त्याला हा नाद लागला. खणून झालं की पुढच्यांना कळावं म्हणून तो टेकाडात आपली खूण पुरून ठेवायचा. हे मला फार भावलं.

१८०८ मध्ये स्टोनहेंजपासून किलोमीटरभरावरच्या 'बुश बॅरो' या टेकाडात त्याला जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा मिळाला. छातीवर शंकरपाळीच्या आकाराचा, वीतभर सोन्याचा पत्रा. त्यावरच्या रेघा इतक्या नेमक्या की आजच्या सोनारानेही थांबून बघाव्यात.

पण खरा वेळ द्या तो खंजिराच्या मुठीला. लाकडात केसासारखे बारीक सोन्याचे खिळे ठोकून नक्षी केली होती, मूळचे सुमारे १,४०,००० असावेत. फावडं लागताच हजारो उधळले. उरलेला तुकडा कपाटात आहे. मी फोनचा कॅमेरा मोठा करून आईला दाखवला. तिने आयुष्यभर भरतकाम केलंय. बराच वेळ बघून म्हणाली, "हे लहान मुलांनी केलं असणार. आजी सुईत दोरा ओवायला मलाच बसवायची." दृष्टीच्या एका तज्ज्ञानेही हेच म्हटलंय, हे तिला मी नंतर सांगितलं.

तिकीट लागतं. वार आणि वेळा निघण्याआधी तपासा. संस्थेचं ग्रंथालय बघायचं असेल तर आधी कळवून वेळ घ्या. आम्ही नुसते गेलो आणि ते राहिलं. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच थांब्यावर बघून ठेवा.