आमची वाटचाल : नाईटचं पाकीट

मी मुळात नट. नागपुरात लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली आणि पोटासाठी दिवाळीनंतर गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा गाठलं. धान निघालं, मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या लोकरंगभूमीचा हंगाम. नाटक रात्री उशिरा उघडतं ते पहाटेपर्यंत. वर माइक टांगलेला असला तरी शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचलाच पाहिजे. नाही पोचला तर लोक तिथूनच ओरडून सांगतात. पण रंग पुसला की 'नाईट', म्हणजे त्या रात्रीचं मानधन, हातात. उजाडायच्या आत हिशेब चुकता.

मग मुंबईत एका मालिकेत छोटं काम मिळालं. पैसे नव्वद दिवसांनी, असं ठरलं होतं. नव्वदचे दोनशे झाले आणि शेवटच्या महिन्याचे आलेच नाहीत. तेव्हा घरी मुलीची फी थकली होती. तो राग अजून गेलेला नाही. जाऊही नये.

नागपूरला परतून बायको आणि मी महाल भागातल्या एका खोलीत फर्म सुरू केली. एक जुना कॅमेरा, दोन लाइट. लग्नं, स्नेहसंमेलनं, पतसंस्थांच्या माहितीफिती, सगळं केलं. एक नियम पहिल्या दिवसापासून पाळला: पॅकअप झालं की कलाकाराचं पाकीट त्याच संध्याकाळी. आमचे पैसे पुढे अडकले तरी. दोनदा त्यासाठी बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या.

दिग्दर्शन मी आमच्या पहिल्या लघुपटात शिकलो. झाडीपट्टीतले एक ज्येष्ठ नट वडिलांच्या भूमिकेत होते. वाक्य एवढंच, "जेवून घे न बाप्पा." पाच टेक झाले, पाचही वेळा ते वाक्य मंडपाच्या टोकाला गेलं. मी नट असतो तर तसंच म्हटलं असतं. त्यांना काय समजावणार? मी त्यांच्यापुढे तांदूळ घेतलेलं पाखडायचं सूप ठेवलं आणि खडे वेचायला सांगितलं. खडा शोधता शोधता, मान वर न करता ते वाक्य आलं. कॅमेऱ्यामागे आमचा लाइटवाला पोरगा डोळे पुसत होता. तेव्हापासून आमच्याकडे शूटिंगआधी आठ दिवस तालीम होते आणि प्रत्येक पात्राच्या हाताला काम असतं.

२०२०च्या टाळेबंदीत सगळंच थांबलं. मंडप बंद, नाईट बंद. आम्ही त्या कलाकारांकडून फोनवर नाट्यवाचनं रेकॉर्ड करून घेतली. पैसे थोडे होते, पण त्याच दिवशी दिले. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ऑफिसात पेढे वाटले. ज्या रंगभूमीला शहरात नाकं मुरडलेली मी ऐकली, तिचा तो मान होता.

आज आम्ही सहा जण आहोत. पहिल्या मोठ्या चित्रपटाची संहिता तयार आहे. वडिलांचं काम तेच ज्येष्ठ नट करणार आहेत. होळीपर्यंत त्यांच्या तारखा वडशाला दिलेल्या आहेत, म्हणून शूटिंग उन्हाळ्यात. नागपूरच्या उन्हात लाइट लावायचे म्हणून कॅमेरामन कुरकुरतो आहे. तारीख मात्र बदलणार नाही.