सीताफळाच्या बिया आणि बारीक दातांची फणी

मी सोलापुरात पूर्व भागात आशा स्वयंसेविका म्हणून घरोघरी आरोग्याचं काम करते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या सकाळी पिंपं भरणं, धुणं, पोरींची डोकी धुणं सगळं एकदमच उरकायचं असतं. त्या दिवशीही पाणी आलं होतं. बाळाच्या लसीचं सांगायला एका घरी निघाले होते, तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतली एक बाई ओल्या हातांनी धावत आली. "ताई, चला हो लवकर, पोरगी डोळेच उघडंना झालीय. नुसती किंचाळायलीय."

आठेक वर्षांची पोर मोरीत बसलेली. दोन्ही मुठी डोळ्यांवर घट्ट दाबलेल्या, आणि केसांतून काळपट फेस कपाळावर ओघळतोय. शेजारी पितळी वाटीत तेलात कालवलेली काळी पूड. काय आहे ते आजीनंच सांगितलं. सीताफळाच्या बिया. बार्शीकडची सीताफळं बाजारात येतात तेव्हा त्या बिया वाळवून डब्यात भरून ठेवतात. उवा झाल्या की कुटून, खोबरेलात कालवून डोक्याला चोपडतात. आजीच्या आईनंही तेच केलं होतं.

आधी तिचं डोकं मागे झुकवलं, म्हणजे केसांतलं पाणी परत डोळ्यांत उतरायला नको. मग मुठी सोडवल्या, पापण्या बोटांनी धरून उघडल्या आणि तांब्यानं नळाचं पाणी बारीक धारेनं सोडत राहिले. थोडं थांबून "बरं वाटतंय का" असं विचारत बसायची ही वेळ नसते. पंधरा-वीस मिनिटं सलग धुवावंच लागतं. नळ चालू होता हे त्या पोरीचं नशीब. एवढं झाल्यावर डोक्याला कोरडा टॉवेल गुंडाळला आणि रिक्षानं सिव्हिलला.

डॉक्टरांनी डोळ्यांत केशरी रंगाचा थेंब टाकला आणि निळा उजेड धरला. मी शेजारीच उभी होते. उजव्या बुबुळावर हिरवे ठिपके आणि एक मोठा हिरवा चट्टा लखलखला. बुबुळाचा वरचा नाजूक थर जिथे सोलवटला होता, तिथे तो रंग बसला होता. "वेळेत धुतलंत, भरून येईल," डॉक्टर म्हणाले. थेंब दिले, मलम दिलं, दुसऱ्या दिवशी परत दाखवायला बोलावलं, आणि डोळे बरे होईपर्यंत डोक्याला कुठलंही औषध लावायचं नाही असं बजावलं.

या बियांनी उवा मरतात हे खरं आहे, आजी काही खोटं बोलत नव्हत्या. पण जे उवांना मारतं तेच बुबुळाचा वरचा थरही जाळतं, आणि लहान मुलाचं डोकं धुताना डोळ्यांत थेंबही जाणार नाही याची हमी कोण देणार? ढेकणांचं औषध, झुरळांचा खडू, रॉकेल हे तर याहून वाईट. रॉकेल लावलेल्या केसांना चुलीजवळ नुसती ठिणगी पुरते.

परत येताना रिक्षात आई रडायला लागली. शेजारची पोर वर्गात हिच्याजवळ बसत नाही, शाळेतून "उवा काढूनच पाठवा" असा निरोप आलेला, आणि ही बाई दिवसभर विड्या वळणारी. मला हे मनापासून लागतं. उवा घाणीनं होतात असं सगळे धरून चालतात, आणि त्या लाजेपोटीच आया एका दिवसात निकाल लागेल असं काहीतरी जहाल शोधतात. ऊ स्वच्छ केसांतही तितकीच सुखानं राहते. तिला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. डोक्याला डोकं लागलं की ती चालत पलीकडे जाते. एका चादरीवर डोक्याला डोकं लावून झोपणाऱ्या बहिणींत ती पसरणारच.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी फणी घेऊन गेले, बारीक दातांची, लोखंडी. पोरीला उंबऱ्यात उजेडाकडे पाठ करून बसवलं. आधीच्या तेलाचा अंशही राहू नये म्हणून डोकं मागे धरून साबणानं पुन्हा धुतलं होतं. आता नुसतं खोबरेल, भरपूर. तेलात उवांची चाल मंदावते आणि फणी सरकते. मोठ्या कंगव्यानं गुंता सोडवला, केसांचे चार भाग केले, खांद्यावर पांढरा टॉवेल टाकला. कानामागून आणि मानेवरून सुरुवात केली, कारण त्यांची खरी वस्ती तिथेच. फणीचे दात टाळूला टेकवून थेट टोकापर्यंत ओढायचे आणि प्रत्येक वेळी टॉवेलला पुसायचे. तिळाएवढ्या करड्या उवा तेलात पाय हलवत टॉवेलवर उतरू लागल्या तशी आजी जवळ येऊन बसल्या, आणि थोड्या वेळानं फणी त्यांनीच हातात घेतली.

लिखांचं मात्र समजावून सांगावं लागलं. कोंडा फुंकरीनं उडतो, लीख केसाला चिकटलेली असते, नखानं ओढली तरच सुटते. टाळूला लागून असलेल्या लिखा जिवंत धरायच्या. टाळूपासून खूप लांब दिसणाऱ्या बहुतेक नुसती रिकामी टरफलं असतात. लीख फुटायला 7 ते 10 दिवस लागतात आणि त्यातलं पिल्लू पुढच्या 9 ते 12 दिवसांत स्वतः अंडी घालायच्या वयाचं होतं. म्हणून आज डोकं साफ दिसलं तरी दर तीन दिवसांनी फणी फिरवायची, निदान दोन आठवडे. हे सोडलं की महिन्याभरात पुन्हा तेच. याला पाणीही फारसं लागत नाही. तेल लावून विंचरायला नळ येण्याची वाट बघावी लागत नाही.

डोळे बरे झाल्यावर औषध लावायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून 1 टक्क्याचं परमेथ्रिन. 10 मिनिटं ठेवून धुवायचं आणि 7 ते 10 दिवसांनी पुन्हा एकदा. त्या वेळीही डोळ्यांवर कोरडं फडकं धरायचं.

मग धाकट्या बहिणीचं डोकं पाहिलं, आईचं पाहिलं, आजींचंही. तिघींच्याही डोक्यात होत्या. उशांचे अभ्रे आणि चादर कडक पाण्यात, फणी उकळत्या पाण्यात. घरभर फवारणी नको म्हटलं. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते.

रात्री शाळेच्या बाईंना फोन केला. एकट्या या पोरीचं डोकं साफ करून काही होणार नाही, सगळ्या वर्गाचं एकाच दिवशी झालं पाहिजे, हे त्यांना लगेच पटलं. रविवारी सगळ्या आयांना तेल आणि फणी घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बोलवायचं ठरलं. फणी कशी धरायची ते दाखवायला मी येते म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "त्या आजींनाही घेऊन या."